वर्षातून एका दिवसाचा लक्ष्मी रस्ता: निर्णय घेणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
पुण्याचा लक्ष्मी रस्ता वाहनमुक्त करण्याचा आराखडा ज्यांच्या सहीने पुढे सरकतो किंवा अडतो ते सर्व अधिकारी, पेठांचे लोकप्रतिनिधी आणि या रस्त्यावरचे माझे व्यापारी बांधव यांस,

सप्रेम नमस्कार.

कुंटे चौकाजवळच्या एका बोळात माझे शिवणसाहित्याचे दुकान आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणे, दोरा, चेन, ब्लाउजला लावायचे गोंडे असा सगळा माल दहा फुटी गाळ्यात बसवलेला आहे. दुकान सासऱ्यांनी सुरू केले, पानशेतच्या पुरानंतर दोन वर्षांनी, आणि गेली अठ्ठावीस वर्षे गल्ल्यावर मी बसते. घर सदाशिव पेठेतच, दुकानापासून सात मिनिटांच्या चालीवर. त्यामुळे या पत्रात दुकानदाराचा स्वार्थ आहे, रहिवाशाचा आहे आणि रोज चार वेळा हा रस्ता पायी तुडवणाऱ्या बाईचाही आहे. हे तीन स्वार्थ एकमेकांशी नेहमी जुळतातच असे नाही, आणि पत्र लांबण्याचे कारण तेच आहे.

२०२१ पासून ११ डिसेंबरला आपण ‘पादचारी दिन’ साजरा करता. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत रस्ता वाहनांना बंद होतो, रांगोळ्या पडतात, गाणी लागतात, मुले रस्त्याच्या मधोमध धावतात आणि आमच्यासारखी माणसे क्षणभर थांबून दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजले पाहतात, कारण एरवी मान वर करायची सोय नसते. मला तो दिवस आवडतो, हे मोकळेपणाने सांगते. त्या दिवशी रस्ता वाहनमुक्त करण्याची, त्याला खुल्या मॉलचे रूप देण्याची, मध्यवर्ती पुण्याचे ‘पुनरुज्जीवन’ करण्याची भाषणे होतात. रात्री अडथळे उचलले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी दुकानाचे शटर वर करते, तेव्हा बोळाच्या तोंडाशी पदपथावर तीन दुचाक्या आपापल्या जागी परत आलेल्या असतात. पुढच्या डिसेंबरपर्यंत त्या विषयावर कोणी बोलत नाही. हे आता गप्प राहून पाहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाबद्दल. जो बाजार मेला त्याचे पुनरुज्जीवन करायचे असते. लक्ष्मी रस्ता मेलेला नाही. लगीनसराईत बारामती, सासवड, जुन्नर, नगरकडची कुटुंबे बस्ता बांधायला आजही इथेच येतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी गणपती चौकातून तुळशीबागेकडे वळायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात माणूस डेक्कनला पोहोचेल. इथे गिऱ्हाईक कमी पडलेले नाही, त्याला उभे राहायला आणि चालायला जागा कमी पडली आहे. हा शब्दाचा कीस नव्हे. रोग ‘बाजार ओस पडला’ असा ठरवला की औषध म्हणून कमानी, शोभेचे दिवे, सेल्फीची ठिकाणे सुचतात. रोग ‘चालायला जागा नाही’ असा ठरवला तर औषध अगदी साधे आणि बरेच अवघड निघते, कारण ती जागा कोणाकडून तरी काढून घ्यावी लागते.

ती जागा आज कोणाकडे आहे हे आपल्याला बसल्या जागी सांगते. मागच्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी मी गल्ल्यावर वही उघडून बसले. डाव्या पानावर ‘पायी, बस, मेट्रो, रिक्षा’ आणि उजव्या पानावर ‘स्वतःची गाडी’ असे लिहिले, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पैसे घेताना विचारले की आपण कसे आलात. दोन तासांत डावे पान भरून मागे उलटावे लागले. उजवे अर्धेही भरले नाही. माझे दुकान लहान, माल स्वस्त, तेव्हा सोन्याच्या किंवा शालूच्या पेढीवर हाच हिशेब निघेल असा माझा दावा नाही. पण दुकानासमोरच्या रस्त्यावर जागेची वाटणी मात्र नेमकी उलटी आहे: जे उजव्या पानावर आहेत त्यांच्या गाड्यांना रस्त्याची एक कड आणि मधला भाग मिळतो, डाव्या पानावरच्यांना उरलेली फट.

ती फट कशी आहे तेही जवळून पाहावे. माझ्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि वॉकर घेऊन चालतात. आमच्या बोळातून बाहेर पडून औषधांच्या दुकानापर्यंत जायचे तर पहिल्या वीस पावलांत त्यांना पदपथावरून दोनदा खाली उतरावे लागते. एकदा विजेच्या पेटीपाशी, कारण पेटी आणि दुकानाची पायरी यांच्यामधून वॉकर जात नाही, आणि एकदा जिथे फरशी उचकटून ठेवलेली आहे तिथे. पदपथाची कड त्यांच्या अर्ध्या नडगीइतकी उंच आहे. खाली उतरले की समोर लावलेल्या दुचाकींची रांग, हँडलला हँडल भिडलेली. तिच्या पलीकडे चालती वाहने. दोन वर्षांपूर्वी त्या अशाच उतरताना पडल्या आणि मनगट मोडले. दोष कोणाचा, हा वाद मी इथे घालत नाही. इतकेच सांगते की त्या दिवसापासून त्या लक्ष्मी रस्त्यावर आलेल्या नाहीत, आणि ज्या बाईने सासऱ्यांच्या बरोबरीने हे दुकान उभे केले तिला ते आता घरच्यांच्या मोबाइलवरील फोटोत दिसते.

पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची, मध्ये काहीही नसलेली पट्टी असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक २०१२ पासून सांगते. बाजाराच्या रस्त्यावर तर त्याहून अधिक रुंदी अपेक्षित आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले, त्याच सुमारास रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अडथळ्याविना पदपथ वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे धोरण आहे, मानक आहे, न्यायालयाचा शब्द आहे, आणि वर्षातला एक उत्सवही आहे. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी मात्र विजेची ती पेटी चार फूट सरकवणारा कोणी नाही. ही माझी पहिली आणि सर्वांत जड तक्रार आहे. रस्ता वाहनमुक्त करायचा की नाही यावर दहा मते असतील, ती ऐकून घेऊ. पण पदपथ सलग करायला कोणाच्या संमतीची वाट पाहायची आहे?

दुसरी तक्रार आराखड्याच्या हिशेबाबद्दल आहे. चित्रे आम्ही पाहिली: झाडे, बाकडी, हातात पिशव्या घेऊन हसत चालणारी माणसे. त्या चित्रांत टेम्पो नसतो. हा रस्ता बंद झाला तर त्यावरची वाहने केळकर रस्त्यावर, कुमठेकर रस्त्यावर आणि आमच्या बोळांत येणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ११ डिसेंबरला दुपारी आमच्या मागच्या गल्लीत, जिथून एक रिक्षा कशीबशी जाते, तिथे दोन मोटारी समोरासमोर येऊन थांबल्या होत्या आणि दोघांच्याही मागे दुचाक्यांची शेपटी होती. वीस मिनिटे कोणीच मागे हटले नाही; शेवटी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक खुर्चीत तसेच ठेवून बाहेर येऊन एकेक गाडी मागे घ्यायला लावली. एक दिवस असल्यामुळे आम्ही हसलो. हेच रोज होणार असेल तर गल्लीत राहणाऱ्यांनी काय करायचे, तिथे रुग्णवाहिका आली तर ती कुठून जाणार, बंब आला तर कुठून वळणार, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही चित्रात दिसलेले नाही. पेठांत अजून लाकडी जिन्यांचे वाडे आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

बसचेही तेच. हा रस्ता एकेरी आहे, डेक्कनकडे आणि पुढे कोथरूडकडे जाणाऱ्या पीएमपीच्या बसगाड्या याच रस्त्याने जातात. ‘वाहनमुक्त’ म्हणताना त्यांचाही रस्ता बंद होतो. माझ्या वहीच्या डाव्या पानावर जी माणसे आहेत त्यांतली बरीच त्याच बसने येतात. ज्यांच्यासाठी रस्ता मोकळा करायचा त्यांनाच दोन चौक आधी उतरवून चालायला लावणार असाल, तर हे पादचाऱ्यांचे भले आहे की नुसते नावापुरते, याचा विचार व्हावा. २०२१ मध्येच पेठांतल्या अरुंद रस्त्यांसाठी ‘पुण्यदशम’ नावाची लहान बस सुरू झाली होती. दहा रुपयांत दिवसभर कितीही वेळा बसा, अशी सोय होती. माझ्या मते मध्यवर्ती पुण्याच्या कोणत्याही आराखड्याचा पाया अशी बस आहे. बाकडी नंतर आली तरी चालतील.

मेट्रोमुळे तर आपल्याला आयती संधी मिळाली आहे. डेक्कन जिमखान्याचे स्थानक ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू होऊन कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके पेठांच्या पोटात आली. पिंपरीहून आलेली एक बाई परवा दुकानात म्हणाली, “ताई, पिंपरीहून मंडईपर्यंत आले ते कळलेसुद्धा नाही, मंडईपासून तुमच्यापर्यंत यायला मात्र जीव गेला.” मंडईपासून माझे दुकान दहा-बारा मिनिटांवर आहे. हजारो कोटींची मेट्रो त्या बाईला दारापर्यंत आणून सोडते, आणि शेवटची दहा मिनिटे आपण तिला दुचाकींच्या आरशांना कोपर लावत चालायला लावतो. लक्ष्मी रस्त्याचे काम कुठून सुरू करायचे असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, मंडई स्थानकाच्या पायऱ्यांपासून.

आता मालाचे. माझा माल नाना पेठेतल्या ट्रान्सपोर्टमधून ‘छोटा हत्ती’ने येतो, अस्तराच्या ताग्यांचे गठ्ठे हमाल पाठीवरून बोळात आणतो. टेम्पो कधी येईल ते माझ्या हातात नाही. दुपारी बारालाही येतो, संध्याकाळी ऐन गर्दीतही येतो, आणि तो उभा राहिला की मागे अर्धा रस्ता अडतो. त्यात आम्हा दुकानदारांचाही दोष आहे, तो मी नाकारत नाही. सकाळी दहाच्या आत आणि रात्री नऊनंतर माल उतरवायचा असा नियम सगळ्यांना सारखा लागू झाला तर मी शटर लवकर उघडीन. मात्र तो नियम मोठ्या पेढीला वेगळा आणि बोळातल्या गाळ्याला वेगळा असता कामा नये, आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणी आपण करावीत. आमचे ते ऐकत नाहीत.

ज्या गोष्टीबद्दल कोणत्याही बैठकीत कोणी बोलत नाही ती इथे लिहिते, कारण लिहायला बाईच हवी. लक्ष्मी रस्ता हा मुख्यतः बायकांचा बाजार आहे. साडी, ब्लाउजपीस, दागिने, बांगड्या, मुलांचे कपडे, लग्नाचे सामान. खरेदी तीन-चार तासांची. आणि या खरेदीसाठी आलेल्या बाईला लघवीला जायचे असेल तर स्वच्छ, उजेडाची, पाणी असलेली जागा शोधत हिंडावे लागते. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कोणी अनोळखी बाई माझ्या काउंटरवर ओणवी होऊन आवाज खाली आणून विचारते, “ताई, इथे जवळ बाथरूम आहे का हो?” माझ्या दुकानात नाही. मी तिला मागच्या वाड्यातल्या ओळखीच्या घरी पाठवते, आणि त्या घरची म्हातारी आता दार उघडायला कंटाळली आहे, त्यात तिचे काही चुकत नाही. पुष्कळ बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत; असे त्या सहज सांगतात, जणू बाजाराला जाण्याचा तो नियमच आहे. पादचारी रस्ता म्हणजे माणूस इथे जास्त वेळ थांबणार, असे आपण सांगता. मग तो थांबणारा माणूस बहुतांशी बाई आहे, हे धरून आराखडा करावा. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निदान तीन स्वच्छतागृहे, दिवसभर माणूस नेमलेली, दुकाने बंद होईपर्यंत उघडी, एवढे झाले तर कारंज्याचा खर्च वाचवला म्हणून कोणी तक्रार करणार नाही.

पथारीवाल्यांबद्दल दोन शब्द. रस्ता सुशोभित करायचा म्हटले की पहिली कारवाई त्यांच्यावर होते, आणि दुकानदारांपैकी अनेकांना ती हवी असते. मला नको आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत सर्वेक्षण करून जागा आखून द्यायच्या असतात. त्या आखाव्यात, त्या रेषेबाहेर कोणी येऊ नये, आणि तोच नियम स्वतःच्या पायरीबाहेर पुतळे आणि स्टँड मांडणाऱ्या आम्हा दुकानदारांनाही लागू करावा.

वाहनतळांचा मुद्दा पुण्यात निघाला की आवाज चढतात, म्हणून जपून लिहिते. २०१८ मध्ये पुण्यातील नोंदलेली वाहने ३६ लाखांच्या घरात गेली आणि लोकसंख्येला मागे टाकून गेली, अशा बातम्या आल्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, सुरुवातीला पाच रस्त्यांवर प्रयोग करायचेही ठरले, आणि मग ते धोरण कागदावरच राहिले. एवढी वाहने पेठांत मावणार नाहीत, हे साधे गणित आहे. रस्त्याच्या कडेला दिवसभर फुकट गाडी लावता येत असेल तर मंडईच्या किंवा हमालवाड्याच्या वाहनतळावर पैसे देऊन कोण जाईल? आमच्यातलेच काही दुकानदार सकाळी दुकानासमोर स्वतःची दुचाकी लावतात, ती रात्री काढतात, आणि मग गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही म्हणून संध्याकाळी हळहळतात. सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ चे फलक वाचून गाडी या बाजूची त्या बाजूला नेण्याने जागा वाढत नाही.

व्यापारी बांधवांनो, आता थोडे आपल्याशी. वाहने बंद झाली तर धंदा बसेल, ही भीती मला परकी नाही. माझेही पोट त्याच रस्त्यावर आहे. बस्त्याला आलेले दहा जणांचे कुटुंब, त्यात दोन म्हाताऱ्या, पाच पिशव्या. त्यांना अर्धा मैल चालायला लावले तर पुढच्या लग्नाला ते दुसरीकडे जातील, हे खरे आहे. सोने घेऊन संध्याकाळी दूरच्या वाहनतळापर्यंत चालत जायला माणूस कचरतो, हेही खरे आहे. म्हणून ठरावीक चौकांत उतरवण्याची-बसवण्याची जागा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, अपंगांसाठी, सामानासाठी बाजारात फिरणारी लहान विजेवरची गाडी हवी, आणि ती आपण सर्वांनी मिळून मागायला हवी. पण नुसते ‘नको’ म्हणणे आता पुरणार नाही. आपला रस्ता बंद होण्याला काही नवखा नाही. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या याच रस्त्याने पुढे मुक्कामाला जातात, अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींमागून अख्खे पुणे याच रस्त्याने अलका चौकाकडे जाते आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. विसर्जनाच्या दिवशी दुकाने बंद असतात, त्यामुळे तो धंद्याचा दाखला म्हणून मी देत नाही. एवढेच म्हणते की वाहतूक वळवणे अशक्य आहे, असे निदान पुण्यात कोणी म्हणू नये. दरवर्षी आपण ती वळवतोच. आणि ११ डिसेंबरचे म्हणाल, तर माझा गल्ला त्या दिवशी नेहमीपेक्षा ना फार वर गेला ना फार खाली. गर्दी पुष्कळ होती, पण त्यातले बरेच जण फिरायला आले होते, अस्तर घ्यायला नव्हे. एका दिवसावरून ‘धंदा वाढतो’ असे सांगणारे आणि ‘धंदा बुडतो’ असे सांगणारे दोघेही मला अंदाजाने बोलताना दिसतात.

इतर शहरांतून शिकायचे तर तेही पूर्ण शिकावे. दिल्लीत लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदणी चौक, सुमारे १.३ किलोमीटर, सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी, सायकलरिक्षा चालू. दगड उत्तम बसवला होता. मग अडथळ्याचे खांब मोडल्याच्या, बंदीच्या वेळेत गाड्या शिरल्याच्या बातम्या येऊ लागल्या, कारण बांधकाम एकदा करता येते आणि राखण रोज करावी लागते. चेन्नईच्या त्यागराय नगरातल्या पाँडी बाजारात नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळा मार्ग घेतला गेला: पदपथ खूप रुंद केले, वाहनांना मध्ये मोजकी जागा ठेवली. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या रस्त्याला हा दुसरा नमुना अधिक जवळचा आहे, विशेषतः बस ठेवायची असेल तर. आणि ज्या कोपनहेगनचे नाव प्रत्येक सादरीकरणात येते, त्या शहराने आपला स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये आधी प्रयोग म्हणून मोटारींना बंद केला आणि तो कायम ठेवण्याचा निर्णय १९६४ मध्ये घेतला. तिथेही दुकानदारांनी विरोध केला होता. प्रयोग इतका लांब चालला की विरोधकांना आणि समर्थकांना दोघांनाही स्वतःच्या गल्ल्याचे आकडे हाती आले. आपला प्रयोग सूर्यास्तानंतर तीन तासांत संपतो.

म्हणून मागण्या स्पष्ट लिहिते.

वाहनमुक्तीचा निर्णय काहीही होवो, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक या टप्प्यातील दोन्ही बाजूंचा पदपथ येत्या सहा महिन्यांत सलग, समपातळीत आणि वॉकर किंवा चाकाची खुर्ची जाईल असा करावा. विजेच्या पेट्या, मोडके फलक, बंद पडलेले खांब हलवावेत. मंडई आणि डेक्कन या दोन्ही मेट्रो स्थानकांपासून इथपर्यंत तसाच सलग पदपथ जोडावा आणि पेठांतून फिरणारी लहान बस दर काही मिनिटांनी मिळेल अशी ठेवावी. स्वच्छतागृहांचे वर लिहिलेच आहे. ते काम पहिल्या टप्प्यातच धरावे, ‘नंतर पाहू’ या यादीत टाकू नये.

वाहनबंदीचा प्रयोग करायचा तर तो सलग तीन महिन्यांचा करावा, आणि ते तीन महिने असे निवडावेत की त्यात लगीनसराईही येईल आणि साधे मंदीचे आठवडेही येतील. पक्का दगड त्यानंतर बसवावा. तोवर कुंड्या आणि हलवता येणारे अडथळे पुरेत. प्रयोगाच्या आधी, मध्ये आणि नंतर किती माणसे चालली, शेजारच्या रस्त्यांवर आणि बोळांत किती वाहने वाढली, रुग्णवाहिकेला किती वेळ लागला, हे मोजून चौकाचौकांत मराठीत लावावे. दुकानदारांनी आपल्या विक्रीचा चढ-उतार नाव न देता कळवावा. माझी वही मी देईन. रहिवाशांना गाडी घरापर्यंत नेण्याचा परवाना आणि आणीबाणीसाठी कायम मोकळी पट्टी हे प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून असावे, कारण ‘लवकरच देऊ’ असे सांगून बंद केलेला रस्ता आम्ही मान्य करणार नाही.

आणि सुनावणी घ्यावी. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली जाहिरात आणि कामाच्या वेळेत ठेवलेली बैठक म्हणजे सुनावणी नव्हे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर दीर्घ काळ आमचे म्हणणे पेठेतल्या पेठेत ऐकून घेणारे कोणी नव्हते. तेव्हा सोमवारी, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, याच भागातील एखाद्या शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलवावे: दुकानदार, रहिवासी, पथारीवाले, हमाल, रिक्षावाले, बसचे चालक, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइके.

त्याआधी एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्या हाती हा निर्णय आहे त्यांनी कोणत्याही साध्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, गाडी मंडईत ठेवून, माझ्या दुकानापर्यंत पायी यावे. सोबत छायाचित्रकार नसावा. सासूबाईंचा वॉकर दुकानात ठेवलेला आहे. तो घेऊन बोळाच्या तोंडापासून औषधांच्या दुकानाकडची ती पहिली वीस पावले आपण चालून पाहावीत. मी चहा सांगून ठेवते.

आपली,
कुंटे चौकाजवळची एक दुकानदार आणि सदाशिव पेठेची रहिवासी